पाहुणा पैलवान

मैदान भरवणाऱ्याला पावसाइतकीच धास्ती असते ती जोड शिळी होण्याची. सांगली-कोल्हापूर भागातल्या यात्रांच्या मैदानांत मी बरीच वर्षं निवेदन करतोय. हलगी कडाडत असते, पंच मातीत उभे असतात, आणि पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या कुस्त्या सांगत सांगत लोकांना शेवटच्या जोडीपर्यंत बसवून ठेवणं हे माझं काम. एक नंबरची कुस्ती कशी लावतात, लांबचा पैलवान का बोलावतात, त्याच्या इनामावरून यात्रा कमिटीत काय घासाघीस चालते, हे सगळं मी जवळून पाहिलंय. आंद्रे द जायंटची कारकीर्द मी याच नजरेनं वाचत आलोय.

आमच्याकडची जुनी माणसं ‘ती नुरा कुस्ती’ म्हणून आंद्रेच्या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या धंद्याकडे पाठ फिरवतात. निकाल आधी ठरलेला असायचा, हे खरंच आहे. पण त्या धंद्यालाही इतिहास आहे, त्यातही घाम आहे, कसब आहे. आणि पैलवानाच्या अंगावर जो कमावतो, तो त्या अंगाचं काय देणं लागतो, हा प्रश्न आंद्रेच्या आयुष्यात जितका उघडा पडतो तितका कुठंच पडत नाही.

आंद्रे रने रूसिमॉफचा जन्म १९ मे १९४६ चा, फ्रान्समधल्या कूलोमिए गावचा. बाप बोरिस बल्गेरियाचा, आई पोलंडची. मोलियाँ नावाच्या छोट्या वस्तीत त्यांची शेती होती. पाच भावंडांतला हा तिसरा. शाळा लवकर सुटली आणि पोरगं शेतात राबू लागलं. पण त्याची वाढ काही थांबेना. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली की वाढीचं संप्रेरक अंगात बेसुमार उतरू लागतं. हाडं वाढायच्या वयात हे झालं, तर उंची सुटते. वय सरल्यावरही ते चालूच राहिलं, तर हाताचे पंजे, पावलं, जबडा, कपाळ रुंदावत जातात, सांधे झिजतात आणि हृदयावर ताण येतो. डॉक्टर याला अ‍ॅक्रोमेगाली म्हणतात. ज्या आजारानं आंद्रेला जगात नाव दिलं, तोच त्याला आतून खात होता. पैलवानकीतला पहिला दिवस आणि आजाराचा हिशेब असे एकत्रच सुरू झाले.

ऐन तारुण्यात तो पॅरिसला आला. दिवसा घरसामान हलवायचं काम आणि रात्री कुस्तीचा सराव. रिंगणातलं त्याचं नाव ठेवलं ‘जेआँ फेरे’, म्हणजे राक्षस फेरे. चौदाव्या शतकात इंग्रजांशी झुंजलेल्या एका धिप्पाड शेतकऱ्याची ती आठवण. फ्रान्समधल्या माणसांना ते नाव ऐकताच चित्र डोळ्यांपुढं उभं राहायचं. निवेदकाला अशा नावाचं मोल कळतं. १९७० मध्ये तो जपानला गेला, तिथं त्याला ‘मॉन्स्टर रूसिमॉफ’ म्हणून उतरवलं. १९७१ मध्ये फ्रँक व्हालवा या जुन्या पैलवानाच्या सोबतीनं तो कॅनडात माँट्रियालला पोहोचला आणि तिथं ‘जाँ फेरे’ झाला.

माँट्रियालला पहिले काही महिने गर्दी लोटली. १९७२ मध्ये माँट्रियाल फोरमच्या सभागृहात त्याची डॉन लिओ जोनाथनशी जोड लावली. जोनाथन स्वतः साडेसहा फुटी, अंगानं भारी आणि तरी चपळ. त्या रात्री लोकांनी डोळे भरून पाहिलं. पण पुढं काय? आंद्रेपुढं टिकेल असं कुणी उरलं नाही. दोन-तीन जणांना एकदम त्याच्या अंगावर सोडलं, तरी निकाल लोकांना आधीच दिसायचा. हळूहळू गर्दी ओसरली. आमच्याकडंही असंच होतं. एकच पैलवान सलग तीन यात्रांना सगळ्यांना चितपट करत सुटला, की चौथ्या यात्रेला माणसं म्हणतात, “काय बघायचं त्यात?”

त्या काळी उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती मुलखामुलखांत वाटलेली होती. १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही प्रवर्तकांनी बसून नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी केली आणि एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही, असं ठरवून घेतलं. टेक्सासचा मालक वेगळा, पोर्टलंडचा वेगळा, फ्लोरिडाचा, मेम्फिसचा, मिनियापोलिसचा वेगळा. जो तो आपल्या मुलखात दर आठवड्याला त्याच गावांत खेळ लावायचा, आणि टीव्हीवर दिसायची तीही स्थानिक वाहिनीवरची आपल्याच मुलखातली कुस्ती. एका मुलखात काय घडलं ते दुसऱ्याच्या कानावर जायचंच असं नव्हतं.

ही विभागणी आंद्रेच्या कामी कशी येईल, ते न्यूयॉर्कचे प्रवर्तक व्हिन्सेंट मॅकमहन यांना दिसलं. हे थोरले मॅकमहन. पुढं नाव गाजलं ते मुलाचं. १९७३ मध्ये त्यांनी आंद्रेचे करार आपल्या हाती घेतले. २६ मार्च १९७३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो बडी वुल्फशी खेळला आणि ‘आंद्रे द जायंट’ हे नाव तिथून पुढं जगभर झालं. जाहिरातीत उंची ७ फूट ४ इंच, वजन पुढंपुढं ५२० पौंड, म्हणजे २३५ किलोच्या आसपास. जाहिरातीतली उंची खऱ्यापेक्षा वाढवून सांगितलेली, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मॅकमहन यांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या. उंच उड्या मारून दाखवायच्या नाहीत, डोंगरासारखं उभं राहायचं. आणि एका मुलखात मुक्काम ठोकायचा नाही.

मग तो पाहुणा झाला. एखाद्या मुलखात आठवडा-दोन आठवडे जायचं, तिथल्या आवडत्या पैलवानाच्या बाजूनं उभं राहायचं किंवा वीस जणांची एकत्र झुंज, म्हणजे बॅटल रॉयल, जिंकायची आणि पुढच्या मुलखाकडं निघायचं. तो आला की मैदान भरायचं. तो गेल्यावर वर्षभर लोक त्याच्याबद्दल बोलायचे आणि पुन्हा यायच्या वेळी परत तिकिटं खपायची. अमेरिकेबरोबर जपान, मेक्सिको, ऑस्ट्रेलियाही त्याच्या फेरीत होते. १९७४ च्या गिनीज बुकात वर्षाला चार लाख डॉलर कमावणारा जगातला सर्वांत महागडा कुस्तीगीर म्हणून त्याची नोंद झाली. २५ जून १९७६ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये मुष्टियोद्धा चक वेपनरला त्यानं उचलून दोरांबाहेर टाकलं. त्याच खेळाच्या जोडीला टोकियोतली मुहम्मद अली आणि आंतोनियो इनोकी यांची झुंज पडद्यावर दाखवली गेली.

‘आंद्रेला आजवर कुणी हरवलं नाही, कुणी उचलून आपटलं नाही’ ही ख्याती उभी राहिली ती मुलखामुलखांतल्या भिंतींमुळे. हल्क होगननं १९८० मध्ये शे स्टेडियमवर त्याला उचललं होतं. मेक्सिकोत एल कानेकनं उचललं, आणि १९८६ मध्ये जपानात इनोकीनं हात पिळून त्याला हार कबूल करायला लावली. बातमी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जात नव्हती, म्हणून प्रत्येक नव्या गावी तो अजिंक्यच उतरायचा.

हा धंदा आतून कसा चालायचा, ते १९८१ च्या मे महिन्यात दिसतं. किलर खान नावाचा पैलवान त्याच्याशी झुंजत होता. लोकांना सांगितलेलं, की हा मंगोलियाचा. प्रत्यक्षात माणूस जपानी. पुढं जी हकिकत प्रसिद्ध झाली ती अशी, की एका सकाळी बिछान्यातून उठताना आंद्रेचा घोटा मोडला. बोस्टनला शस्त्रक्रिया झाली. लोकांना मात्र सांगण्यात आलं, की खाननं वरून गुडघा हाणून त्याचा पाय मोडला. मोडका पाय वाया जाऊ दिला नाही. बदल्याची कुस्ती लागली आणि त्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाला, हरेल त्याला स्ट्रेचरवरून नेतील या अटीवर, आंद्रेनं खानला हरवलं. प्रवर्तकाच्या हुशारीला मी दाद देतो, पण मला जास्त बोचतं ते वेगळंच. पस्तिशीच्या पैलवानाचा घोटा नुसता अंथरुणातून उठताना मोडत असेल, तर त्याच्या अंगाकडं कुणीतरी बघायला हवं होतं.

ठरलेल्या कुस्तीत कसब कुठं असतं, असं तरणी पोरं मला विचारतात. समोरच्याचं अंग सांभाळण्यात असतं. आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीवर बसणं हा आंद्रेचा नेहमीचा डाव. दोनशे किलोंचं वजन आपल्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर तोलून धरलं नाही, तर खालच्याच्या बरगड्या गेल्याच. लोकांना तर भार पूर्ण पडला असं वाटलं पाहिजे. झिजलेल्या सांध्यांनी, दुखऱ्या कमरेनं हे वर्षानुवर्षं करायचं म्हणजे प्रत्येक रात्री स्वतःचे गुडघे देऊन दुसऱ्याच्या बरगड्या वाचवायच्या. धंद्यातली माणसं त्याला ‘बॉस’ म्हणायची आणि तोही भेटेल त्याला ‘बॉस’च म्हणायचा. आवडत नसलेल्या पैलवानाला तो रिंगणात इंगा दाखवायचा, हेही त्याचे सोबती सांगतात. पण ज्याच्यावर त्याचा जीव होता, त्याला त्याच्या हातून इजा व्हायची नाही.

या भटकंतीची किंमतही तोच मोजत होता. विमानाच्या खुर्चीत मावायचा नाही, विमानातल्या संडासात शिरायचा नाही. हॉटेलातल्या खाटा, मोटारी, ताटल्या, चमचे, सगळं जग त्याच्या मापापेक्षा लहान. त्याच्या दारूच्या गोष्टी चवीनं सांगितल्या जातात. मला त्या सांगवत नाहीत. आजारावर उपचार घ्यायला तो तयार नव्हता, असं त्याच्या जवळच्यांनी सांगून ठेवलंय. तालमीत पैलवानाचा खुराक, झोप, मोच, लचक सगळं वस्तादाच्या नजरेखाली असतं, वस्ताद ‘आज मेहनत नाही’ म्हणाला की विषय संपला. आंद्रेला असा वस्ताद नव्हता. प्रत्येक मुलखाच्या मालकाकडं तो आठवडाभरच असायचा. आठवड्याच्या पाहुण्याचे गुडघे कोण तपासतो? ज्या पद्धतीनं त्याला जगात महाग केलं, तिच्यात त्याच्या प्रकृतीची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला येत नव्हती.

१९८२ मध्ये थोरल्या मॅकमहन यांनी कंपनी मुलाला विकली. धाकट्या व्हिन्सनं हद्दीचे जुने संकेत झुगारले, मुलखामुलखांतले नामांकित पैलवान उचलले आणि केबल टीव्हीवरून अख्ख्या देशाला एकच कुस्ती दाखवायला सुरुवात केली. घरोघरी दर आठवड्याला दिसणाऱ्या पैलवानाला पाहुणा कोण म्हणणार? त्या टीव्हीला एक नायक हवा होता, तो होगन. आणि त्याला मोठं करायला एक पर्वत हवा होता, तो आंद्रे.

आंद्रेची पाठ तोवर पार गेलेली. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘द प्रिन्सेस ब्राइड’ चित्रपटाचं काम चालू असताना नायिकेचं वजन त्याला हातांवर पेलवेना. तिला तारांचा आधार द्यावा लागला. पाठीवर शस्त्रक्रियाही झाली. तरी २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधल्या पाँटिअ‍ॅक सिल्व्हरडोमवर तो होगनसमोर उतरला. काळ्या पोशाखाच्या आत पाठीला पट्टा बांधलेला होता. कंपनीनं प्रेक्षकांचा आकडा सांगितला ९३,१७३. जाणकार खरा आकडा त्याहून कमी असल्याचं म्हणतात, पण मैदान गच्च भरलेलं होतं हे चित्रफितीत दिसतं. आंद्रे आडवा पडायला तयार होईल की नाही, याची खात्री आपल्याला शेवटपर्यंत नव्हती, असं होगन पुढं सांगत राहिला. आंद्रेनं त्याला स्वतःला उचलू दिलं, पाठीवर पडून घेतलं आणि तीनचा आकडा पुरा होऊ दिला. जाणत्या पैलवानानं नव्याच्या हाती मैदान सोपवायचं ही कुस्तीतली जुनी रीत. ती इतक्या वेदनेत पाळणारा माणूस मला थोर वाटतो.

पुढच्या फेब्रुवारीत त्यानं होगनकडून किताब घेतला, तो सामना अमेरिकेत तीन कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. पण अंग साथ देत नव्हतं. शेवटची वर्षं तो जपानात जायंट बाबाच्या आखाड्यात खेळला. बाबा स्वतः सहा फूट दहा इंचांचा, आडदांड शरीराचं दुखणं जाणणारा. तिथल्या लोकांनी चालणं जड झालेल्या आंद्रेलाही मायेनं पाहिलं. ४ डिसेंबर १९९२ ची टोकियोतली कुस्ती शेवटची. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी फ्रान्सला गेला असता, २८ जानेवारी १९९३ च्या सुमारास पॅरिसच्या हॉटेलात झोपेतच हृदय बंद पडून तो गेला. वय ४६. उत्तर कॅरोलिनातल्या एलर्बी गावच्या त्याच्या रानात त्याची रक्षा विखुरली.

त्याच्यानंतर बिग शो म्हणून गाजलेला पॉल वाइट आला. त्यालाही हाच विकार होता, पण कोवळ्या वयात शस्त्रक्रिया करून वाढ थांबवली गेली. आपल्या हिमाचलचा दलीपसिंह राणा, म्हणजे द ग्रेट खली, यानं २०१२ मध्ये पिट्युटरीवरची गाठ काढून घेतली. उपचार घेतला तर अशा शरीरालाही आयुष्य मिळतं, हे या दोघांनी दाखवलं.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझं एक सांगणं आहे. आपल्याही मैदानांचा हंगाम सुरू झाला, की नामांकित पैलवान आज या गावी, उद्या त्या गावी असा पळत असतो. इनाम ठरतं, फेटा बांधला जातो, फोटो निघतो, आणि गुडघ्याला गुंडाळलेल्या पट्टीबद्दल कुणी विचारत नाही. एक नंबरच्या जोडीवर लाखांनी खर्च करणाऱ्या कमिटीनं मातीत उतरण्याआधी पैलवानाची तपासणी करणारा डॉक्टर आणि दुखापतीचा विमा त्याच खर्चात धरावा. आणि डॉक्टरनं नको म्हटलं, तर कुस्ती रद्द झाल्याचं मी स्वतः माइकवरून सांगेन. लोक ओरडले तरी चालेल; त्यांना समजावणं माझं काम आहे.