ऊन कोणाच्या वाट्याला?

सुटीत कुठे जावे, हा प्रश्न पडायलासुद्धा दोन गोष्टी आधी गाठीशी असाव्या लागतात : पगार आणि रजा. आम्ही शाळेपेक्षा कामगारांच्या सभांतून अधिक शिकलो. म्हणून एखाद्या रम्य किनाऱ्याचे वर्णन वाचले की आम्हाला पहिली शंका येते, तिथले ऊन कोणाच्या वाट्याला आले?

फ्रान्सच्या आग्नेयेस, भूमध्य समुद्राच्या काठी नीस, कान, मांतों ही गावे आहेत. पाठीशी आल्प्सची रांग असल्याने उत्तरेचा गारठा अडतो आणि हिवाळाही सौम्य जातो. १७६३ साली स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार प्रकृतीसाठी नीसला आला आणि १७६६ साली त्याने आपले प्रवासवर्णन छापले. पुढे छातीच्या विकाराने बेजार झालेले धनिक तिथे हिवाळा काढू लागले. १८३४ साली लॉर्ड ब्रूम नीसला निघाले होते. पटकीच्या साथीमुळे सरहद्द बंद झाली आणि ते कान या कोळ्यांच्या गावी अडकले. जागा मनात भरली, तिथेच त्यांनी बंगला बांधला. १८६० साली नीस फ्रान्सकडे आले, १८६४ साली आगगाडी पोचली आणि मग राजेरजवाडेही आले. १८९५ ते १८९९ या काळात राणी व्हिक्टोरिया नीसला मुक्कामास येत असे.

नीसच्या समुद्रकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला ‘इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता’ म्हणतात. १८२०च्या सुमारास कडक हिवाळ्यात गावात उपासमार झाली, तेव्हा तिथल्या इंग्रजांनी वर्गणी काढून बेकारांना या रस्त्याच्या कामावर लावले. त्यांनी मदत केली हे मान्यच करायला हवे. पण घाम गाळला एकाने आणि नाव लागले दुसऱ्याचे, हेही विसरून चालणार नाही.

शंभरावर वर्षांनी पारडे फिरले. १९३६च्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या कामगारांनी संप करून कारखान्यांतच ठाण मांडले. २० जूनच्या कायद्याने त्यांना वर्षाला १५ दिवसांची भरपगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज यांनी आगगाडीची सवलतीची तिकिटे सुरू केली. अनेकांनी त्या उन्हाळ्यात जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. पुष्कळजण मात्र गावी नातेवाइकांकडेच गेले, कारण नीसची हॉटेले खिशाला परवडणारी नव्हती. रजा वाढत गेली : १९५६ साली तिसरा आठवडा, १९६९ साली चौथा, १९८२ साली पाचवा.

हे आपल्याला परके वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. गिरणगावातला चाकरमानी शिमग्याला, गणपतीला कोकणात जाई. त्याचाही समुद्र गावचाच होता. १९४८च्या कारखाने कायद्याने भरपगारी वार्षिक रजेचा हक्क दिला, तोही कोणी खुशीने बक्षीस दिलेला नव्हता. “काम आहे हेच पुष्कळ, रजा कशाला?” हे वाक्य वाटाघाटींच्या वेळी आम्ही वारंवार ऐकले आहे. त्याला आमचे उत्तर एवढेच : ऊन फुकट असते, पण त्यात बसायला लागणारा वेळ मात्र मागून, भांडून मिळवावा लागतो.

तेव्हा सुटीला कुठे जायचे ते ज्याचे त्याने खुशाल ठरवावे. पण तिकीट काढताना, ही सुटी कोणाच्या संपातून आली, याची एकदा आठवण ठेवावी.