खरीफच्या डोंगरातले युद्ध

सलालाची खरीफ पाहायला आपण मस्कतहून हजारेक किलोमीटर जातो. ती हिरवळ, ते धुके पाहून कोकणाची आठवण होते. पण याच डोंगरांत १९६५ ते १९७५ अशी दहा वर्षे युद्ध चालले होते, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते.

त्याचे मूळ उपेक्षेत होते. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या काळात, १९७० पर्यंत, साऱ्या देशात तीन शाळा आणि दहा किलोमीटरच डांबरी रस्ता होता. १९६७ साली तेलाची निर्यात सुरू झाली, तरी धोफारच्या गुराख्यांपर्यंत दवाखाना पोहोचला नाही. कामासाठी आखातात गेलेल्या धोफारी तरुणांनी मात्र बाहेरचे जग पाहिले होते. ९ जून १९६५ रोजी बंड सुरू झाले. १९६७ मध्ये इंग्रजांनी एडन सोडले आणि शेजारच्या दक्षिण येमेनमधून बंडखोरांना शस्त्रे मिळू लागली. पुढच्याच वर्षी चळवळीची सूत्रे मार्क्सवाद्यांच्या हाती गेली. घरचे गाऱ्हाणे असे शीतयुद्धाच्या पटावर जाऊन पडले.

२३ जुलै १९७० रोजी इंग्रजांच्या पाठबळाने काबूस यांनी वडिलांना दूर करून सत्ता हाती घेतली आणि शरण येणाऱ्यांना माफी दिली. धर्म आणि टोळीव्यवस्था यांवरील घाला न रुचलेले अनेक बंडखोर परतले. त्यांच्याच ‘फिरका’ तुकड्या सरकारच्या बाजूने लढल्या. डोंगराचा एखादा भाग ताब्यात आला की तिथे विहीर, शाळा, दवाखाना आणि मशीद उभी राही. पाणी असेल तिथे गुरे येतात आणि गुरांमागे माणसे.

केवळ विहिरींनी युद्ध संपले, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. जुलै १९७२ मध्ये ऐन खरिफीच्या ढगांआडून बंडखोरांनी मिरबातवर मोठा हल्ला चढवला होता. इंग्रज, इराणी आणि जॉर्डनच्या सैन्याची मदत नसती तर चित्र वेगळे दिसले असते. डिसेंबर १९७५ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली. पण बंदुकीने फक्त वेळ मिळवून दिला. त्या वेळेत लोकांचे गाऱ्हाणे दूर झाले, म्हणून शांतता टिकली.

पुढे सरकारने रस्ते, शाळा, रुग्णालये बांधली. ती चालवायला माणसे हवी होती, आणि आपल्यापैकी अनेकांची इथली भाकरी त्यातूनच आली. मिरबातला गेलात तर तिथला जुना किल्ला मुलांना जरूर दाखवा. कोण जिंकले, हे ती विचारतीलच. माणसे लढायला का उठली, हे आपण आधी सांगावे.