रुग्णालय आणि शांतता : एक ऐतिहासिक मागोवा

रुग्णालयाच्या परिसरात प्रवेश करताच ‘शांतता राखा’ हा फलक दृष्टीस पडतो. हा केवळ शिष्टाचाराचा भाग आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. रस्त्यावरच्या आवाजाविरुद्ध लोकांनी चळवळी केल्या, कायदे झाले; परंतु रुग्णालयाच्या भिंतींच्या आत निर्माण होणारा आवाज मात्र वाढतच गेला. या दुर्लक्षित बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजाऱ्याला शांतता हवी, हे माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये सुखवस्तू घरात कोणी अत्यवस्थ असले की दारापुढील फरसबंद रस्त्यावर पेंढा पसरत असत. घोडागाड्यांच्या चाकांचा व टापांचा खडखडाट कमी व्हावा, हा त्यामागील उद्देश. शांततेची गरज वैद्यालाही असते. १८१६ साली पॅरिसमधील नेकेर रुग्णालयात रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. तेव्हापासून रुग्णाच्या देहातील सूक्ष्म ध्वनी ऐकणे हा रोगनिदानाचा भाग बनला. भोवती गोंगाट असेल तर तो ध्वनी ऐकू येणे कठीण, हे उघड आहे.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम मांडला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून परतल्यावर १८५९ साली त्यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात आवाज या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो अनावश्यक आहे का आणि त्यामुळे रुग्णाच्या मनात काही अपेक्षा वा धास्ती उत्पन्न होते का, हे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले. खोलीच्या दाराबाहेर चाललेली कुजबूज त्यांना फार घातक वाटे. कारण ती आपल्याविषयीच आहे या शंकेने रुग्ण कान टवकारून पडून राहतो. पहिल्या झोपेतून एकाएकी जागा झालेला रुग्ण पुन्हा सहज झोपत नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे.

मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. त्यामुळे त्या प्रकरणातील एका निरीक्षणाने माझे लक्ष विशेष वेधून घेतले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या रेशमी, घेरदार आणि कडक खळीच्या वस्त्रांची सळसळ रुग्णाला असह्य होते, असे त्यांनी बजावले आहे. कोऱ्या रेशमाचा आवाज आम्हा दुकानदारांना मालाच्या कसाची खूण वाटतो. ज्वराने तळमळणाऱ्या माणसाला तोच छळ वाटू शकतो. आवाज एकच असला तरी ऐकणाऱ्याच्या अवस्थेनुसार त्याचा परिणाम बदलतो. नाइटिंगेल यांच्या विवेचनाचे मर्म नेमके यात आहे.

यानंतर लढा सुरू झाला तो बाहेरच्या आवाजाविरुद्ध. न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस या वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या महिलेने हडसन नदीतील बोटींच्या अकारण वाजणाऱ्या शिट्ट्यांविरुद्ध आवाज उठवला. विद्यार्थी नेमून त्यांनी रात्री वाजणाऱ्या शिट्ट्यांची मोजदाद करविली आणि नदीकाठच्या रुग्णालयांतील रुग्णांचे हाल लोकांपुढे मांडले. १९०६ साली त्यांनी अनावश्यक आवाजाच्या निर्मूलनासाठी संस्था स्थापन केली. १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने अशा शिट्ट्यांना आळा घालणारा कायदा संमत केला. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयांभोवती शांतता क्षेत्रेही आखली गेली. पुढे शाळकरी मुलांनी रुग्णालयाजवळ गोंगाट न करण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. कायद्याबरोबरच मनाचे वळणही बदलले पाहिजे, हे त्या बाईंनी जाणले होते.

आपल्या देशात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली अमलात आले. त्यानुसार रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्राची तरतूद झाली. तेथे दिवसा ५० आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४० डेसिबल ही मर्यादा ठरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला सविस्तर निकाल या बाबतीत महत्त्वाचा ठरला. परंतु पुढच्याच वर्षी केंद्राने नियमांत दुरुस्ती केली आणि राज्य शासनाने अधिसूचित केल्याविना कोणताही भाग शांतता क्षेत्र मानला जाणार नाही, असे ठरवले.

हे सारे झाले बाहेरच्या आवाजाविषयी. आतली स्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णकक्षात रात्री सरासरी ३० डेसिबल, तर उपचार चालतात त्या खोल्यांत ३५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा, असे सुचवले. २००५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी जगभरच्या रुग्णालयांतील मोजमापांचा एकत्रित आढावा घेतला. १९६० च्या सुमारास दिवसाचा सरासरी आवाज ५७ डेसिबल होता, तो ७२ वर गेला होता. रात्रीचा ४२ वरून ६० वर. डेसिबल ही मोजणी कापडाच्या मीटरसारखी सरळ नव्हे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा १० पट. म्हणजे १५ डेसिबलच्या वाढीचा अर्थ सुमारे ३० पट असा होतो.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी भिंती, फरशी, छत सारे धुता येण्याजोगे, गुळगुळीत व कठीण झाले. कापडाच्या ताग्यांनी भरलेल्या दुकानात बोलणे दबते आणि रंगकामासाठी तेच दुकान रिकामे केले की साधा शब्दही घुमतो, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. रुग्णकक्षाचेही तसेच झाले. त्यात रुग्णाच्या उशाशी यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्राला इशाऱ्याची घंटा आली. अमेरिकेतील अभ्यासांनुसार अशा इशाऱ्यांपैकी ८५ ते ९९ टक्के वेळा प्रत्यक्ष उपचाराची गरज नसते. सततच्या घंटांनी परिचारिकांचे कान बधिर होतात आणि खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. तेथील ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अशा ९८ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ८० रुग्ण दगावले. जीव वाचवण्यासाठी आणलेला आवाजच जिवावर बेतावा, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

माझ्या थोरल्या बंधूंवर काही वर्षांपूर्वी हृदयशस्त्रक्रिया झाली. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर ते म्हणाले, “दुखणं सोसलं रे, पण तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.” उपचारांत कोठेही उणीव नव्हती, उणीव होती ती झोपेची. त्या वेळी या विषयाचे गांभीर्य मला प्रथम कळले.

उपाय दुर्मीळ वा खर्चिकच असतात असे नाही. स्टॉकहोमच्या हुडिंग रुग्णालयात हृदयरोग्यांच्या विभागाचे छत बदलून ध्वनी शोषणाऱ्या फरशा बसवल्या. तेवढ्या बदलाने रुग्णांना शुश्रूषा अधिक चांगली वाटली आणि घरी गेल्यावर पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाणही कमी आढळले, असा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ढकलगाडीच्या चाकांना तेल, दारांच्या कडांना रबर, यंत्रांच्या इशाऱ्याची मर्यादा त्या त्या रुग्णानुसार ठरवणे, ही तर नित्याची कामे आहेत.

आपला समाज रुग्णसेवेसाठी सढळ हाताने देणग्या देतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, शांततेवर कोरता येत नाही. म्हणून तिच्यासाठी कोणी देत नाही. यापुढे एखादा कक्ष बांधताना छताचा व दारांचाही विचार व्हावा, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. आणि आजाऱ्याच्या भेटीला जाणे हा आपल्या समाजाचा मोठा गुण जपत असतानाच आपण मोबाईल बंद ठेवू या, दोघांहून अधिक जण आत जायला नको आणि दाराबाहेर कुजबुजत उभे राहायला नको. नाइटिंगेल यांनी १८५९ साली सांगितलेले एवढे जरी आपण आचरणात आणले, तरी खाटेवरच्या माणसाला त्या रात्री झोप लागेल.