एक दोरी, एक गळ

होडीने दूर निघालेल्या माणसाला संध्याकाळच्या कालवणापुरते मासे धरायचे असतील, तर त्याने बरोबर किती सामान घ्यावे? हौशी माणूस काठ्या, रिळे आणि रंगीबेरंगी आमिषांनी पेटी भरून आणतो. दर्यावर्दी लोकांचा अनुभव मात्र फार थोडक्यात आटोपतो. फळीला गुंडाळलेली जाड दोरी, टोकाला तारेचा तुकडा, चार-दोन मजबूत गळ, एखादा चकचकीत पत्रा किंवा पांढरी चिंधी, आणि दोरीने हात कापू नये म्हणून मोजे. लहान होडीत काठी अडगळ होते आणि खाऱ्या हवेने रीळ गंजते. दोरी मागे सोडून दिली की होडीच्या चालीनेच आमिष पळू लागते. पॉलिनेशियाचे लोक शिंपल्याच्या चमकत्या तुकड्याला हाडाचा काटा बांधून कुपा जातीचे मासे याच रीतीने धरीत.

आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबलासाठी डोल लावतात. पण ती बाजारासाठी. पोटापुरते हवे असेल तर गळ पुरतो. शुभवर्तमानांत जागोजागी जाळी आहेत. पेत्राला गळ टाकायला सांगितले आहे ते एकदाच, आणि तेही वर येणाऱ्या पहिल्या माशासाठी. हा पहिला मासाच खरा महत्त्वाचा. तो हाती आला की पुढचे सामान तोच पुरवतो. गेल्या शतकातील तीन सागरप्रवास पाहिले म्हणजे याची खात्री पटते.

पहिला प्रवास कोणी हौसेने केलेला नव्हता. 23 नोव्हेंबर 1942 रोजी ‘बेनलोमंड’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यावर सेवक म्हणून काम करणारा पून लिम हा हायनान बेटावरचा चिनी तरुण एका लाकडी तराफ्यावर चढला. तराफ्यावर थोडी बिस्किटे, पाणी आणि एक विजेरी होती, गळ नव्हता. शिधा संपत आल्यावर त्याने विजेरीतील तार काढून ती वाकवली आणि तिचा गळ केला. तागाच्या दोराचे पदर सोडवून पुन्हा वळले, ती झाली दोरी. मोठ्या माशांसाठी तराफ्याच्या फळीतून एक खिळा उपटला. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा सुरीच्या कामी आला. धरलेले मासे तो चिरून दोरीवर वाळवी. पुढे समुद्रपक्ष्याच्या मांसाचे आमिष लावून त्याने लहानसा शार्कही ओढून घेतला. त्या वेळी दोरी दुहेरी वळलेली होती आणि हातांना कॅनव्हास गुंडाळलेले होते. असे 133 दिवस गेले. 5 एप्रिल 1943 रोजी ब्राझीलच्या कोळ्यांनी त्याला उचलले, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत किनाऱ्यावर गेला. त्याची सुटका कोळ्यांच्याच हातून व्हावी, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

1947 मध्ये थोर हायरडाल आणि त्याचे पाच सोबती ‘कॉन-टिकी’ या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाले आणि 101 दिवसांनी पॅसिफिकमधील रारोइया प्रवाळबेटावर पोहोचले. त्यांच्याजवळ शिधा होता, पण समुद्रही कंजूष नव्हता. उडते मासे रात्री आपण होऊन तराफ्यावर येऊन पडत. आचाऱ्याचे सकाळचे पहिले काम म्हणजे ते गोळा करणे. त्यांतलाच एखादा गळाला लावला की डोराडो धावून येई.

फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार याने 1952 मध्ये याहून धाडसाचा प्रयोग केला. जहाज फुटलेला माणूस समुद्रावरच जगू शकतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. जाणत्यांना हे पाखंड वाटले, म्हणून त्याने आपल्या रबरी होडीचे नावच ‘पाखंडी’ या अर्थाचे ठेवले! वल्ह्याला सुरी बांधून त्याने भाला केला आणि पहिला डोराडो मारला. या माशाच्या कल्ल्यामागे एक वाकडे हाड असते. तेच त्याला गळ म्हणून मिळाले. कॅनरी बेटांहून बार्बाडोसला तो 65 दिवसांनी पोहोचला, पण त्याचे वजन सुमारे 25 किलो घटले होते. समुद्राचे पाणी थोडेथोडे पिण्याचा त्याचा सल्ला आज वैद्य मान्य करीत नाहीत. वाकड्या हाडाविषयी मात्र कोणाचा वाद नाही.

या तिघांच्या काळातच नायलॉनची दोरी प्रचारात येऊ लागली होती. ती तागासारखी कुजत नाही आणि पाण्यात फारशी दिसतही नाही, त्यामुळे पूर्वीचे भेंडोळे आता मुठीत मावते. आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजाच्या जीवनबोटीत जे सामान ठेवायला सांगितले आहे, त्यात पाणी, शिधा, शिटी, आरसा यांच्या जोडीला मासे धरण्याच्या साधनांचा एक लहानसा संचही आहे. त्यात काठी नसली तरी चालते.