बिअरला गुण देणाऱ्यांकडून हळदवाल्यांनी काय शिकावं?

परभणीच्या कृषी विद्यापीठातला अन्नतंत्रज्ञानाचा एखादा प्रबंध उघडून बघा. ज्वारीची बिस्किटं असोत, गुळाची वडी असो की हळदीचं दूध, 'निष्कर्ष आणि चर्चा' या प्रकरणात एक तक्ता बहुतेक वेळा सापडतोच. रंग, वास, चव, पोत, एकूण पसंती. प्रत्येकापुढे ७.८, ८.१ असे आकडे. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दहा परीक्षकांनी नऊ गुणांच्या श्रेणीवर मूल्यमापन केलं. त्याखाली टी-टेस्ट नाहीतर अनोव्हा.

आता तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला आहात असं समजा. गाइड म्हणतात, "सेन्सरीचा तक्ता टाका." तुम्ही टाकता. पण व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, "नऊच गुण का? दहाच माणसं का? आणि ही टी-टेस्ट आली कुठून?" तर काय सांगाल?

उत्तर गमतीशीर आहे. या तक्त्यामागचं गणित एका बिअरच्या कारखान्यातून आलं, श्रेणी अमेरिकी लष्कराच्या भटारखान्यातून आली, आणि दोन्ही वापरताना कुठे घसरायला होतं हे चांगलं कळतं ते अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींच्या बिअरला गुण देणाऱ्या मंडळींकडे पाहिल्यावर. हिंगोली-वसमतच्या हळदीवर काम करणाऱ्यानेही हा इतिहास का वाचावा, ते शेवटी येईलच.

इंडिया पेल एल आणि छावण्या

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. हिंदुस्थानातल्या अशा छावण्यांमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी विलायतेहून जहाजाने पिंपं भरभरून बिअर येत असे. आधी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची, आणि १८२० नंतर बर्टन गावच्या ब्रुअरींची. चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. त्यांच्यातल्या कडू आम्लांमुळे बिअर नासवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते. या कडवट, फिक्या बिअरला पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं. आज अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरी सगळ्यात जास्त मिरवतात ती हीच.

त्या काळी बिअर चांगली की वाईट हे कोण ठरवायचं? पिणाऱ्याची जीभ आणि पिंपावरचं नाव. दोन पिंपांतला फरक खरा आहे की मनाचा खेळ, हे तपासायची पद्धतच नव्हती. आपल्या मोंढ्यात हळकुंड मोडून, आतला रंग बघून, आवाज ऐकून भाव सांगतात, तसंच ते.

गिनेसमधला 'स्टुडंट'

१८९९ मध्ये विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकलेला तरुण डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला लागला. त्याच्यापुढचा प्रश्न तुमच्या-माझ्यासारखाच होता: नमुने थोडे आणि निर्णय मोठा. बार्लीचा अमुक वाण तमुकपेक्षा बरा का? हॉप्सची ही खेप त्या खेपेपेक्षा चांगली का? शेतावरचे प्रयोग चार-सहा ठिकाणीच व्हायचे. त्या वेळचं संख्याशास्त्र मात्र शेकडो निरीक्षणं गृहीत धरून चालायचं.

१९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअर्सनकडे शिकायला गेला. मग त्याने काय केलं बघा. तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी छापील आकडेवारी उपलब्ध होती. ते आकडे त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, चांगले पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी मूळ सरासरीपासून किती भरकटते ते मोजलं आणि आपल्या सूत्राशी ताडून पाहिलं. कॉम्प्युटर नसताना हाताने केलेलं हे सिम्युलेशनच म्हणायचं. १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात निबंध आला, पण लेखकाचं नाव छापलं गेलं 'स्टुडंट'. कंपनीची गुपितं फुटू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहिता येत नव्हतं. पुढे फिशरने या सूत्राला आजचं रूप दिलं आणि ते जगभर 'स्टुडंट्स टी' झालं.

या कथेत एक मराठी माणूसही आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. फर्ग्युसन कॉलेजातून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. दोन गटांमधली विखुरणी सारखी नसेल तर त्यांच्या सरासऱ्यांची तुलना कशी करायची, या बेहरेन्स-फिशर प्रश्नावर त्यांनी तयार केलेली कोष्टकं १९३८ मध्ये 'सांख्य' या भारतीय नियतकालिकात आली. गॉसेटच्या टी-टेस्टचीच ही पुढची पायरी. सुखात्मे पुढे आहार आणि कुपोषणावरच्या कामासाठी ओळखले गेले. त्यांच्या कामाचा हा पाया मात्र आपल्याकडच्या शोधपद्धतीच्या वर्गात क्वचितच सांगितला जातो.

तीन ग्लास, एक वेगळा

गॉसेटच्या सूत्रात जीभ कुठेच नव्हती. ती आणली फिशरने. १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' या पुस्तकात त्याने एक प्रयोग मांडला. एक बाई म्हणते, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मी चवीवरून ओळखते. तिला आठ कप द्या, चार असे आणि चार तसे, क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. आठातून चार निवडायचे मार्ग ७०. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, साधारण १.४ टक्के. कप सहाच ठेवले तर मार्ग २०, आणि शक्यता एकदम ५ टक्क्यांवर येते. नमुने किती घ्यायचे हा प्रश्न प्रयोगाच्या आधी सोडवायचा असतो, हे यातून शिकायचं.

१९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीने हाच विचार बिअरवर लावला. त्यातून आली ट्रँगल टेस्ट. तीन ग्लास द्यायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. डोळे मिटून सांगितलं तरी तिघांत एक बरोबर येणारच. म्हणून बारा जणांपैकी चौघांनी ओळखलं तर त्याला काही अर्थ नाही. ५ टक्क्यांच्या पातळीवर फरक आहे असं म्हणायला बारांपैकी किमान आठ बरोबर यावे लागतात. दहा जण असतील तर सात.

इथे आवडीचा प्रश्नच विचारलेला नाही, हे नीट लक्षात घ्या. प्रश्न एवढाच, की फरक कळतो का?

नऊ गुण लष्कराचे

आवडीचा प्रश्न विचारला अमेरिकी लष्कराने. सैनिकांना दिलेलं अन्न ताटात तसंच उरत होतं. शिकागोच्या क्वार्टरमास्टर संस्थेत डेव्हिड पेरियम आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या आसपास नऊ पायऱ्यांची श्रेणी बसवली: 'अत्यंत नावडतं' म्हणजे १, 'आवडत नाही, नावडतही नाही' म्हणजे ५, 'अत्यंत आवडतं' म्हणजे ९. हीच ती हेडॉनिक स्केल, आपल्या प्रबंधांतली.

पण ती बनली कोणासाठी? रोज जेवणाऱ्या साध्या सैनिकासाठी. म्हणजे ती ग्राहकाची आवड मोजते, पदार्थाचा दर्जा मोजत नाही. आणि आवडीबद्दल बोलायचं तर माणसंही भरपूर लागतात. आपण काय करतो? विभागातलेच दहा प्राध्यापक-विद्यार्थी बसवतो, त्यांना 'अर्धप्रशिक्षित परीक्षक' म्हणतो आणि त्यांना 'किती आवडलं' असं विचारतो. प्रशिक्षण दिलेल्या माणसाची आवड ग्राहकाची राहत नाही, आणि दहा जणांची आवड म्हणजे बाजार नव्हे. अवजार एका कामाचं, वापर दुसऱ्याच कामाला.

छोट्या ब्रुअरी आणि पन्नास गुण

आता अमेरिकेकडे. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या अवाढव्य देशात शंभरहूनही कमी ब्रुअरी उरल्या होत्या, आणि बहुतेकांची बिअर एकाच छापाची. उलटा प्रवाह आधीच सुरू झाला होता. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने सॅन फ्रान्सिस्कोची बुडीत निघालेली अँकर ब्रुअरी विकत घेतली. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफने सोनोमात न्यू अल्बियन सुरू केली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण वाट दाखवून गेली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली. त्या स्वयंपाकघरांतूनच पुढचे कितीतरी ब्रुअर तयार झाले.

विविधता आली तशी अडचणही आली. काळी, आंबट, कडवट, गव्हाची... यांची एकमेकींशी तुलना करायची कशी? मायकल जॅक्सन (गायक नव्हे, इंग्लिश पत्रकार) याने १९७७ च्या आपल्या पुस्तकात जगातल्या बिअरची शैलींनुसार मांडणी केली. १९७९ च्या सुमारास मॉर्टन मेलगार्डने चवीचं चक्र मांडलं. त्यात शंभराहून जास्त शब्द आहेत, आणि शब्दामागे शक्य तिथे ठरलेलं रसायन. 'लोण्यासारखा वास' म्हणजे डायअसेटिल, 'उकडलेल्या मक्यासारखा' म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. परीक्षकाला तो पदार्थ बिअरमध्ये मिसळून हुंगायला देतात. म्हणजे शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा राहत नाही.

१९८५ मध्ये बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारा 'बीजेसीपी' हा उपक्रम सुरू झाला. त्यांची गुणपत्रिका पन्नासची: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला भरीवपणा ५, एकूण ठसा १०. दिसण्याला फक्त तीन गुण का, यावर जरा विचार करा. शिवाय परीक्षकाने स्वतःची आवड बाजूला ठेवायची आणि 'या शैलीची बिअर जशी असायला हवी तशी ही आहे का' एवढंच बघायचं. हेडॉनिक स्केलच्या हा बरोबर उलटा प्रश्न.

हे वारं आपल्याकडेही आलं. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, आणि नंतर शहरात अशा ब्रुअरी वाढत गेल्या.

परीक्षकाचीच परीक्षा

एवढी शिस्त असली म्हणजे गुण विश्वासार्ह झाले का? रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातल्या निवृत्त प्राध्यापकाने हे वाइनच्या बाबतीत तपासलं. (बो ब्रुअरीच्या हॉजसनशी याचा संबंध नाही.) राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत २००५ पासून चार वर्षं त्याने परीक्षकांपुढच्या तीस ग्लासांमध्ये एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवली, कोणालाही न सांगता. २००८ मध्ये निकाल छापला. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देऊ शकणारे परीक्षक होते जेमतेम १० टक्के. आणखी १० टक्क्यांनी कधी कधी त्याच वाइनला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिलं. परीक्षक नावडत्या वाइनबाबत जास्त सुसंगत होते, हेही त्यात दिसलं.

ही सगळी मुरलेली माणसं होती. तरीही हे घडलं, कारण जीभ हे उपकरण आहे आणि उपकरणाचं कॅलिब्रेशन करावं लागतं. वजनकाटा तपासल्याशिवाय तुम्ही प्रयोग करत नाही. मग परीक्षक तपासल्याशिवाय का करता?

आता वसमतचा मोंढा

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे 'ही हळद वेगळी आहे' असा दावा. वेगळी कशात? कुर्क्युमिन प्रयोगशाळेत मोजता येतं. पण वास, रंगाची झाक आणि हळकुंडाचा कणखरपणा लिलावात अजूनही नजर आणि हातच ठरवतात. त्या नजरेला मी कमी लेखत नाही. चाळीस वर्षं हळद हाताळलेल्या माणसाला खूप काही कळतं. प्रश्न एवढाच, की तेच हळकुंड त्याला दुपारी दाखवलं तर तो सकाळचाच भाव सांगेल का? शेतकऱ्याच्या क्विंटलमागच्या पैशाचा हा प्रश्न आहे.

हे तपासायला मोठा निधी लागत नाही. एकाच ढिगाचे तीन वाटे करा. तीन आकडी संकेतांक द्या. १, २, ३ किंवा अ, ब, क नको, कारण 'एक नंबर' ऐकलं की मन झुकतं. इतर सत्तावीस नमुन्यांत ते मिसळा, प्रत्येक परीक्षकासाठी क्रम बदला आणि गुण घ्या. हळदवाल्यांसाठी चवीच्या चक्रासारखं एखादं शब्दचक्रही करता येईल, आणि ते मोंढ्यात रोज बोलल्या जाणाऱ्या मराठी शब्दांतून उभं राहावं.

आणि तुमचा विषय हळद नसला तरी सिनॉप्सिसआधी कागदावर चार ओळी लिहा. मला फरक मोजायचा आहे, आवड मोजायची आहे की दर्जा? त्या प्रश्नासाठी योग्य माणसं कोण आणि किती? एकाच नमुन्यावर तोच माणूस दुसऱ्यांदा काय म्हणतो, हे मी कसं तपासणार? आणि परीक्षकांचं आपसात पटलं नाही तर ते सरासरीत लपवणार की तक्त्यात दाखवणार?

गॉसेटने चार-चारचे ७५० गट हाताने पाडले, कारण आपल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला स्वतःला कळायला हवं होतं. ७.८ लिहिण्याआधी तेवढं आपणही स्वतःला विचारू. परीक्षकांचं पटलं नाही, तर तेही निष्कर्षातच लिहा. पुढच्या संशोधकाला कदाचित त्याच ओळीचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.