शिक्का, नाव आणि बोधचिन्ह : छावणी व शहर यांच्या नागरी ओळखीचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठेशाहीतील पत्राच्या आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उमटविला जाई. त्यावरूनच मराठीत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रूढ झाला. नागरी संस्थेच्या बोधचिन्हाची चर्चा आज बहुधा रंग, आकार व आकर्षकता यांभोवती फिरते. तथापि संस्थेची कायदेशीर ओळख बोधचिन्हात नसून तिच्या नावात आणि सामाईक मोहोरेत असते. बोधचिन्ह एखाद्या ठरावाने बदलता येते. नावाच्या बदलास सार्वभौम सत्तेची संमती लागते. हा भेद छत्रपती संभाजीनगर आणि त्याला लागून असलेली छावणी यांच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतो.

नाण्यावरील नगर

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे नगर फत्तेखानाच्या काळात फतेहनगर झाले. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर त्यास औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे मुघल टांकसाळीच्या नाण्यांवर या शहराचा उल्लेख ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे ‘शुभ पायाचे’, या बिरुदाने होऊ लागला. आधुनिक परिभाषेत ज्यास शहराची प्रतिमानिर्मिती म्हणतात, तिचा हा जुना नमुना होय. फरक एवढाच की ते बिरुद नागरिकांनी निवडलेले नव्हते. ते दरबाराने दिले आणि बाजारात हातोहाती फिरले.

छावणीचे वेगळेपण

छावणीचा उगम शहराच्या गरजेतून झाला नाही. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचे ते ठाणे होते. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश ब्रिटिश व्यवस्थेखाली गेले. जून १८५७ मध्ये येथील घोडदळात उठाव झाला आणि पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने तो मोडून काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले, परंतु शहर व छावणी यांतील प्रशासकीय रेषा कायम राहिली. शहरात १९३६ मध्ये नगरपालिका आली, ८ डिसेंबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. छावणी मात्र संरक्षण खात्याच्या अखत्यारीतच राहिली.

१९२४ च्या छावणी कायद्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. त्यानुसार छावणी मंडळ ही नगरपालिकाच मानली जाते. ते कायम अस्तित्वाचे निगम निकाय असून त्यास सामाईक मोहोर आहे. परंतु घटनेच्या सातव्या अनुसूचीत छावणी क्षेत्रातील स्थानिक स्वशासन हा विषय केंद्र सूचीत आहे. त्यामुळे राज्य शासनाने शहराचे नाव बदलले म्हणून मंडळाची मोहोर आपोआप बदलत नाही.

नामांतराचा प्रवास

‘संभाजीनगर’ या नावाची घोषणा ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी केली. जून १९९५ मध्ये महानगरपालिकेने तसा ठराव केला, शासनाने प्रारूप अधिसूचनाही काढली. पण प्रकरण न्यायालयात गेले व २००१ मध्ये शासनाने ती मागे घेतली. २०२२ मध्ये आधी ‘संभाजीनगर’ व नंतर ‘छत्रपती संभाजीनगर’ असे मंत्रिमंडळाचे दोन निर्णय झाले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शहराचे नाव अधिकृतपणे बदलले आणि ८ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. ठरावापासून अधिसूचनेपर्यंत जवळजवळ २८ वर्षे गेली. या शहरास असा विलंब नवा नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात दलित वस्त्यांनी सोसलेली हिंसा पाहता, नावाची पाटी ही केवळ पाटी असते असे म्हणण्याचे धाडस मराठवाड्यात कोणी करणार नाही.

शहराचे नाव बदलले म्हणजे तेथील सर्वच संस्थांचे बदलते असेही नाही. १९९५ नंतर शहर मुंबई झाले, तरी उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे हायकोर्ट’ हेच राहिले.

एका अक्षराचा प्रश्न

बोधचिन्हाची नव्याने आखणी करताना मकबरा, दरवाजे वा अजिंठा-वेरूळ यांची चित्रे सहज सुचतात. मात्र ही लेणी शहराच्या हद्दीबाहेर आहेत. शिवाय पर्यटनाचे चिन्ह आणि पाणीपट्टीच्या पावतीवरील चिन्ह यांचे प्रयोजन एक नव्हे. छावणीच्या बाबतीत तर चित्रापेक्षा लिपी अधिक बोलकी आहे. हिंदीत ‘छावनी’ लिहितात, मराठीत ‘छावणी’. केंद्राच्या त्रिभाषा पद्धतीच्या फलकावर देवनागरी दोनदा येते आणि ‘न’ व ‘ण’ यांच्यातच सत्ता कोणाची व वस्ती कोणाची हे वाचता येते. मराठी वाचकास ‘परिषद’ म्हटले की नगरपरिषद आठवते. लष्करी जमिनीवर वसलेल्या, निवडणूक केंद्राच्या हाती असलेल्या संस्थेस ते नाव कितपत शोभते, हा प्रश्न वेगळाच. मार्च २०२३ मध्ये देशातील छावणी मंडळांच्या जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या आणि त्याच वर्षी हिमाचल प्रदेशातील योल येथून नागरी वस्त्या छावणीतून वगळण्याच्या धोरणास आरंभ झाला. हे धोरण जेथे लागू होईल तेथील नागरी वस्तीच्या कागदांवर नवे चिन्ह नव्हे, तर शेजारच्या नगरपालिकेचा अथवा महानगरपालिकेचा शिक्का उमटेल.