पडद्याआडचा सूत्रधार

देवळाच्या कळसास सारे हात जोडतात. पायाच्या दगडाची आठवण कोणास होत नाहीं. संगीताच्या इतिहासांतहि बहुधा हाच न्याय चालतो. डेव्ह बार्थोलोम्यू या अमेरिकन संगीतकाराचें चरित्र आम्हांस या दृष्टीनें विचारार्ह वाटतें.

लुइझियाना संस्थानांतील एडगार्ड या लहान गांवीं ता. २४ डिसेंबर १९१८ रोजीं त्याचा जन्म झाला. ज्या पीटर डेव्हिसनें लुई आर्मस्ट्राँगला शिकविलें, त्याच्यापाशींच हाहि ट्रंपेट शिकला. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी वाद्यवृंदांत असतांना वाद्यमेळ लिहून काढण्याची विद्या त्यानें संपादिली, व युद्धानंतर न्यू ऑर्लीन्स येथें स्वतःचा ताफा उभारला.

कृष्णवर्णीयांच्या संगीतास अमेरिकन बाजारांत तेव्हां ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे एका वंशापुरत्या तबकड्या, असें नांव होतें. १९४९ सालीं ‘बिलबोर्ड’ पत्रानें तें टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हें नांव घेतलें. त्याच वर्षीं ता. १० डिसेंबरला बार्थोलोम्यूनें इंपीरियल कंपनीसाठीं फॅट्स डॉमिनो या एकवीस वर्षांच्या पियानोवादकाचें ‘द फॅट मॅन’ हें गीत मुद्रित केलें.

हें काम कोझिमो मटासाच्या दुकानामागील लहानशा खोलींत होई. गाणारे व वाजविणारे एकाच वेळीं मुद्रित होत. एक चुकला कीं सर्वांस पुनः आरंभ करावा लागे. अशा ठिकाणीं कडक शिस्तीचा नायकच हवा, व तो बार्थोलोम्यू होता. बास, गिटार आणि सॅक्सोफोन यांजकडून तो खालच्या स्वरांतील एकच तुकडा एकत्र वाजवून घेई. त्या भरदार बैठकीवर डॉमिनोचा संथ, गोड कंठ मोकळा विहरे. १९५२ मध्यें लॉइड प्राइसचें ‘लॉडी मिस क्लॉडी’ त्यानेंच सिद्ध केलें.

१९५५ सालीं या जोडीनें ‘एन्ट दॅट अ शेम’ हें गीत रचिलें. कृष्णवर्णीयांच्या यादींत डॉमिनोची तबकडी ११ आठवडे अग्रस्थानीं होती. सर्वसाधारण यादींत मात्र तें स्थान त्याच गीताच्या पॅट बून या गोऱ्या गायकाच्या तबकडीस मिळालें. गीत एकच; दार मात्र कांतीचा वर्ण पाहून उघडलें!

कोणी म्हणेल, कंठ तर डॉमिनोचाच होता. होय, बार्थोलोम्यूच्या स्वतःच्या आवाजांतील तबकड्यांस तशी लोकप्रियता कधींच लाभली नाहीं. परंतु १९६३ सालीं डॉमिनो दुसऱ्या कंपनीकडे गेला, त्याचें मुद्रण नॅशव्हिल येथें होऊं लागलें, आणि पूर्वीचें यश पुनः आलें नाहीं. लोकरुचि पालटत होती हें खरें. तथापि पायावांचून कळस किती काळ उभा राहतो, हेंहि त्यांत दिसून आलें.

रॉक अँड रोलच्या सन्मानमंदिरांत डॉमिनोस १९८६ सालीं, पहिल्याच तुकडींत, स्थान मिळालें. बार्थोलोम्यूस तें १९९१ सालीं मिळालें, आणि तेंहि ‘अवादक-अगायक’ या वर्गांत. ज्यानें आयुष्यभर ट्रंपेट फुंकला, त्यास ही उपाधि! ता. २३ जून २०१९ रोजीं, वयाच्या शंभराव्या वर्षानंतर, तो निवर्तला. गुणग्राहकतेचा अभिमान बाळगणाऱ्या श्रोत्यांनीं तबकडीवरील गायकाच्या नांवाखालचीं बारीक अक्षरेंहि वाचावीं, एवढेंच आमचें मागणें आहे.